सिसॉपराव

सिसॉपरावांनी आयुष्यात कुणाला पत्र लिहिल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. पत्र पोचतं की नाही, एवढंच ते पाहत. त्यांच्या मोडेममधून गेलेला सगळा मजकूर कुणी जमवला असता, तर त्यात मुख्यतः एकच वाक्य सापडलं असतं: ‘ही चाचणी आहे, मिळाल्यास कळवावे.’ आपण बापडे ‘मिळाली’ म्हणून कळवायचो. मग लगेच दुसरं वाक्य यायचं: ‘किती सेकंद लागले?’

बँकेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते बँकेपुरतंच. बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्याला जगभर सिसॉप म्हणत, म्हणून पार्ल्यात ते सिसॉपराव झाले. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात एक कॉम्प्युटर, त्याला मोडेम, मोडेमला टेलिफोनची तार. दुसऱ्या कुणी आपल्या घरून तिथं फोन लावायचा, आत शिरायचं, निरोप वाचायचे, दोन ओळी लिहायच्या, एखादी फाइल उतरवून घ्यायची आणि बाहेर पडायचं. एक बाहेर पडला की दुसऱ्याला वाव, कारण लाइन एकच. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईत लाइव्ह वायर होता, बंगळूरला अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स होता. त्यांच्याकडे माणसांची वर्दळ असे. सिसॉपरावांच्या बोर्डावर फारसं कुणी येत नसे आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. माणूस आत आला की लाइन अडकते, अशी त्यांची तक्रार होती.

कारण त्यांचा जीव बोर्डावर नव्हताच, तो होता मेलरवर.

मेलर म्हणजे बोर्डाच्या दारात बसणारा प्रोग्राम. फोन वाजला की तो उचलायचा. पलीकडे माणूस आहे की दुसरा मेलर, हे ओळखायचं. माणूस असेल तर ‘एस्केपची कळ दोनदा दाबा’ असं सांगून त्याला बोर्डाकडे सोडायचं. मेलर असेल तर एकमेकांची ओळख, परवलीचा शब्द, कुणाकडे काय आहे याची विचारपूस, मग पाकिटांची देवाणघेवाण आणि फोन खाली. रात्री सगळं जग झोपलेलं असताना हे मेलर आपापसांत फोन करून टपाल पुढं ढकलत. एका शहरातून दुसऱ्या शहरात, तिथून तिसऱ्या देशात.

याचा इतिहास सांगायला बसले की सिसॉपराव कीर्तनकाराप्रमाणे आधी पूर्वरंग लावत. शिकागो, जानेवारी १९७८. बाहेर हिमवादळ, रस्ते बंद. वॉर्ड ख्रिस्टेन्सन घरात अडकलेले. ते रँडी स्यूस यांना फोन करतात. आणि १६ फेब्रुवारीला जगातला पहिला बुलेटिन बोर्ड लोकांसाठी उघडतो. इथं पाण्याचा घोट. मग उत्तररंग: १९८४, सॅन फ्रान्सिस्कोत टॉम जेनिंग्ज, बाल्टिमोरला जॉन मॅडिल, दोन बोर्ड एकमेकांना फोन करून टपाल देतात आणि फिडोनेट जन्माला येतं. ‘त्यांनी एकमेकांना पहिलं काय पाठवलं असेल?’ असं मी एकदा विचारलं. सिसॉपरावांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. ‘काहीतरी टेस्टच पाठवलं असणार की रे. तेव्हा दुसरं पाठवण्यासारखं होतं काय?’

त्यांच्या दृष्टीनं पुढेही दुसरं पाठवण्यासारखं काही निर्माण झालं नाही.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर क्रोशाचं झाकण, मोडेमवर लाल दिव्यांची ओळ. टेलिफोन मात्र साऱ्या घराचा, आणि तोही वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेला. घरातल्या आजींची सगळी नातीगोती त्या एका तारेवर होती. फिडोनेटचा नियम असा की दर रात्री एक तास प्रत्येक मेलरनं फक्त टपालासाठी मोकळं राहायचं. आपला आशियाचा सहावा झोन. त्याचा तो तास भारतीय घड्याळात मध्यरात्री दीडला सुरू होई. या तासाला सिसॉपराव घरात कुणाला खोकू देत नसत. आवाजाचा मोडेमला त्रास नव्हता, तो त्यांना होता. दोन मोडेम भेटले की आधी शीळ, मग खरखर, मग तो फुत्कार. त्यावरून त्यांना लाइनीची तब्येत कळे. ‘हं, चौदा हजार चारशेवर बोलणी चालू आहेत... नाही, नाही, माघार घेतली... नऊ हजार सहाशेवर तोडलं. अंधेरीच्या केबलमध्ये पाणी गेलंय.’ दुसऱ्या दिवशी अंधेरीचे फोन खरोखरच बंद निघत. शेजारपाजारचे लोक पावसाळ्यात आपल्या लाइनीचं निदान करून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागले, तेव्हा वहिनींना पहिल्यांदा वाटलं की या नादाचा काही उपयोग आहे.

घंटा किती वेळा वाजल्यावर मेलरनं फोन घ्यायचा, हे त्याला सांगून ठेवता येई. दिवसा चार, रात्री एक. म्हणजे दिवसा चौथ्या घंटेच्या आत घरातल्या कुणी फोन गाठला तर तो माणसांचा. नाही गाठला तर मेलरचा. त्यामुळे त्या घरात फोन वाजला की सगळे धावत. आजींचे गुडघे गेलेले, तरी तिसऱ्या घंटेला त्यांचा हात रिसीव्हरवर असे. पण नवी आवृत्ती आली की हे आकडे पुन्हा मूळ पदावर जात. एकदा भरदुपारी साताऱ्याच्या आत्यांचा फोन मेलरनं पहिल्याच घंटेला घेतला आणि त्यांच्या कानात मोठ्यानं शीळ घातली. आत्या मिळेल ती एसटी धरून रात्री दारात हजर. घरात कुणाला तरी काहीतरी झालंय आणि कुणीतरी ओरडतंय, अशी त्यांची खात्री. सिसॉपरावांनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘आत्या, शिळेनंतर दुसरा, जाडा आवाज आला का? तो यायला हवा.’

आवृत्तीचं म्हणाल तर मेलरमध्ये संप्रदाय होते. कुणी फ्रंटडोअरचे, कुणी बिंक्लीटर्मचे, कुणी डी’ब्रिजचे, कुणी इंटरमेलचे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची कीव यायची. सिसॉपराव सगळ्या संप्रदायांत जाऊन आले होते. कुठल्याही मेलरवर त्यांचं वैर नव्हतं. चालणाऱ्या मेलरवर होतं. एखादा आठवडा सगळं टपाल सुरळीत गेलं की ते अस्वस्थ होत. जेवताना बोलत नसत. वहिनी ओळखत. ‘काय, सगळं नीट चाललंय वाटतं?’ असं त्या काळजीनं विचारत.

मग रात्री केव्हातरी नवी आवृत्ती येई. ती येई जुन्या आवृत्तीच्याच हातून. चोवीसशेच्या मोडेमवर तीनशे किलोबाइट म्हणजे वीस मिनिटांच्या वर. तेवढा वेळ जुन्या मेलरनं खरखरत्या लाइनीवरून एकही बाइट न सांडता स्वतःच्या उत्तराधिकाऱ्याला घरात आणायचं आणि सिसॉपरावांनी त्याच पहाटे जुन्याला पुसून टाकायचं. या बाबतीत ते निर्दय होते. नव्या फाइलीबरोबर काय-काय बदललं याची यादी येई. ती ते डॉट मॅट्रिक्सवर छापून लोकलमध्ये वाचत; पेपर घडी करून बगलेत.

‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची,’ हे त्यांचं चाचणीचं पहिलं सूत्र. ते मला त्यांनी पुष्कळदा सांगितलं आहे. सांगता सांगता ते मेलर बदलत, मेलर आणि मोडेम यांच्यामधला फॉसिल ड्रायव्हर बदलत, लॅमिंग्टन रोडवरून आणलेली १६५५० ची चिप सीरियल कार्डवर बसवत आणि मोडेमला द्यायच्या आज्ञांची ओळही नव्यानं लिहीत. नंतर टपाल अडलं की दोष यातल्या कुणाचा, हे शोधण्यात महिना जाई. तो महिना त्यांच्या चेहऱ्यावर तेज असे.

त्या आज्ञांच्या ओळीला आमच्यात मंत्र म्हणत. आपल्याकडच्या डायल टोनशी पुष्कळ परदेशी मोडेमांचं जमत नसे. लाइन जिवंत असूनही टोन नाही म्हणून ते अडून बसत. तेव्हा ‘एक्स ३’ म्हणायचं, म्हणजे टोनची वाट न पाहता तो आंधळेपणानं नंबर फिरवतो. जुन्या, खटखट करणाऱ्या एक्स्चेंजसाठी ‘डीटी’ऐवजी ‘डीपी’. अशा गोष्टी मेलर लिहिणाऱ्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते परदेशात स्वच्छ लाइनीवर बसलेले. म्हणून सिसॉपराव त्यांना अहवाल पाठवत. पाऊस पडत असताना, पाऊस थांबल्यावर, गणपतीच्या दिवसांत खालच्या मांडवातला ॲम्प्लिफायर चालू असताना आणि तो बंद केल्यावर. एका मेलरच्या पुढल्या आवृत्तीत आभाराच्या यादीत त्यांचं नाव आलं. आडनावातली दोन अक्षरं उलटसुलट झाली होती. त्यांनी ती दुरुस्त करायला सांगितलं नाही. ‘पुढच्या आवृत्तीत होईल आपोआप,’ म्हणाले. झाली नाही. पण ते पान काचेत घालून देवघराशेजारी लावलं होतं आणि आजी संध्याकाळी दिवा ओवाळताना त्याच्यावरूनही हात फिरवत.

आता माझ्या भूमिकेकडे येतो. मेलरची चाचणी एकट्याला करता येत नाही. फोन लावायला पलीकडे कुणीतरी लागतं, जागं, आणि मोडेम असलेलं. या जातीच्या माणसाला मित्र नसतात, समोरची टोकं असतात. मी त्यांचं समोरचं टोक. दादरला राहायचो, मोडेम होता, लग्न झालेलं नव्हतं. तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या.

अडचण पहिल्यापासून अशी की चाचणीबद्दल बोलायला जो फोन, तोच चाचणीचा. ‘मी ठेवतो, तू मोडेम लाव, मग मी करतो,’ असं ते सांगत. मी ठेवी, मोडेम लावी. ते विसरून जात की करायचं त्यांनी आहे, आणि मीच करीन म्हणून थांबत. काही वेळानं मी करी. नेमक्या त्याच क्षणी तेही करीत. दोन्हीकडे एंगेज. मेलर शिस्तीचे, ठरलेल्या सेकंदांनी पुन्हा फिरवायचे. दोघांचे सेकंद सारखेच, कारण दोघांच्या सेटिंगा सिसॉपरावांनीच भरलेल्या. पहाटेपर्यंत आम्ही एकमेकांना एंगेज लागत असू. यावर उपाय म्हणून दोन फोनांमधला वेळ थोडा अनियमित ठेवायची सोय मेलरांत असते, हे त्यांना माहीत होतं. ती त्यांनी मुद्दाम बंद ठेवली होती. ‘ती चालू केली तर टक्कर झाल्यावर काय होतं ते कसं कळणार?’

माझा मोडेम स्वस्तातला होता. त्याचा त्यांना फार उपयोग. हेजच्या मोडेमात अशी व्यवस्था असे की डेटा चालू असताना मोडेमला हाक मारायची तर आधी एक सेकंद शांतता, मग तीन अधिकचिन्हं, मग पुन्हा शांतता. तेव्हा कुठं तो आज्ञा ऐकायला तयार होई. या शांततेवर पेटंट होतं. म्हणून काही उत्पादकांनी शांतताच गाळून टाकली. अशा मोडेममधून जाणाऱ्या साध्या मजकुरात तीन अधिकचिन्हं आणि त्यापुढं फोन ठेवण्याची आज्ञा आली, तर तो बिचारा आज्ञाधारकपणे फोन ठेवतो. सिसॉपरावांनी मला निरोप पाठवला. त्यात ती ओळ मधोमध घातलेली आणि खाली: ‘वरील मजकुरासह उत्तर द्यावे.’ मी दिलं. म्हणजे देऊ लागलो, त्या ओळीपाशी माझ्याच मोडेमनं फोन ठेवला. मेलरनं पुन्हा लावला, पुन्हा तिथंच ठेवला. टपाल पोचल्याशिवाय मेलर गप्प बसत नाही. सकाळी वडिलांनी फोनचं मीटर या विषयावर माझ्याशी प्रथमच सविस्तर बोलणं केलं. सिसॉपराव मात्र संध्याकाळी पेढे घेऊन घरी आले. त्यांनी वाचलं होतं, प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना मेलरवरून रीतसर निमंत्रण पाठवलं. तारीख, मुहूर्त, कार्यालय, ‘वहिनी आणि आजींना घेऊन अगत्य येणे’. उत्तर आलं: ‘अठराशे बाइट, सात सेकंद, एकदाही फेरपाठवणी नाही. उत्तम.’ लग्नाला आले नाहीत. नंतर वहिनी भेटल्या तेव्हा हळहळल्या. त्यांना कळलंच नव्हतं. यांनी सांगितलं नाही का, असं मी विचारलं. तर त्या म्हणाल्या, ‘सांगितलं ना. तुमच्याकडून फार छान पाकीट आलं म्हणाले.’

फिडोनेटच्या नियमावलीचं सार दोन कलमांत आहे असं जुने लोक सांगत: दुसऱ्याला अतोनात त्रास देऊ नका, आणि स्वतः चटकन त्रासून जाऊ नका. ही नियमावली लिहिणाऱ्यांनी पहिलं कलम सिसॉपरावांसाठी आणि दुसरं त्यांच्या समोरच्या टोकांसाठी लिहिलं असावं. एरवी ते कायदा काटेकोर पाळत. दर शुक्रवारी जगातल्या सगळ्या बोर्डांची यादी नव्यानं निघे. अख्खी यादी मागवणं महाग, म्हणून फक्त फरकाची फाइल येई: इतक्या ओळी नव्या घाला, इतक्या तशाच ठेवा, इतक्या काढा. ती जुन्या यादीला लावली की नवी तयार. शनिवारी सकाळी ते आंघोळ करून हे काम करीत. नव्वदीच्या मध्याला त्या यादीत तीस हजारांहून जास्त बोर्ड होते, आणि त्यांतल्या प्रत्येकात आपल्यापैकी एकेक जण रात्री जागतोय, या विचारानं त्यांचं ऊर भरून येई. मला त्या तीस हजारांच्या बायकांचा विचार येई.

मधे दिल्लीहून बातमी आली की बुलेटिन बोर्डांनाही परवाना लागणार, आणि त्याचं वार्षिक शुल्क लाखांच्या घरात. बाकीचे बोर्डवाले खवळले, निवेदनं निघाली. सिसॉपरावांनी एवढंच विचारलं, की परवाना बोर्डाला आहे की मेलरला. बोर्डाला असेल तर आपण बोर्ड बंद करू. तो तसाही चाचणीत अडथळा आणतो.

१५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं. विद्यार्थ्यांना वर्षाला पाचशे रुपयांत नुसत्या अक्षरांचं, चित्रांसह हवं असेल तर पंधरा हजारांचं. मी अर्ज भरला, माझ्याकडे आलं, मी सिसॉपरावांना दाखवायला बोलावलं. न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाला निरोप टाकला. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. त्यांनी पाहिलं, मान डोलावली. ‘मधे किती फोन झाले?’ मी म्हटलं, आपला एकच, इथल्या इथं. ‘मग ते पुढं कोणी नेलं? तो रात्री जागा होता का? त्याची आवृत्ती कुठली?’ मला यातलं काही सांगता येईना. ते उठले. जिन्यात म्हणाले, ‘चालतं, हे खरं आहे. पण मग माणसानं करायचं काय?’

त्यानंतर शनिवारच्या फरकाच्या फाइलीत घालायच्या ओळी कमी आणि काढायच्या जास्त होत गेल्या. ते न बोलता काढत राहिले. तरी १९९९ चं साल त्यांना फार सुखाचं गेलं. फिडोनेटच्या निरोपावर तारीख लिहिताना वर्षाचे दोनच आकडे लिहायची पद्धत. दोन हजार साल उजाडल्यावर कुठला मेलर काय समजेल याचा नेम नव्हता. सबंध वर्षभर त्यांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढच्या वर्षात होतं. मी पाठवलेलं पाकीट तिथं पोचून येई ते सन १०० मध्ये. कधी १९१००. हे आकडे मला वाचून दाखवताना त्यांना हसू आवरत नसे. एकतीस डिसेंबरच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर सगळे बाराचे ठोके मोजत होते. हे खाली, अंधारात, लाल दिव्यांसमोर. बारा वाजून एक मिनिटानं त्यांचा मला फोन आला. मोडेमचा नव्हे, आवाजाचा. मला वाटलं, नव्या सहस्रकाच्या शुभेच्छा. ‘काही झालं नाही रे,’ ते म्हणाले. फार खचले होते.

माझी समजूत होती की इथं हा विषय संपेल. नव्या घरी मी साधा फोन घेतलाच नाही. पण ही माणसं संपत नाहीत. फिडोनेटही संपलेलं नाही. त्याचं टपाल आता इंटरनेटवरून, ‘बिंकपी’ नावाच्या रीतीनं जातं. त्यात आवाज नाही, म्हणून सिसॉपरावांना ते मानवत नाही. परंतु जुने मेलर अजूनही कुणी ना कुणी हौसेनं सुधारतं, नवी आवृत्ती काढतं, आणि ती खऱ्या मोडेमवर चालते का हे बघायला खरा मोडेम असलेला माणूस जगात आता विरळा. सिसॉपरावांच्या माळ्यावर ते पोत्यानं आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांना एवढी मागणी येईल असं कुणालाही वाटलं नव्हतं.

घरात आता फायबर आहे. फोन त्याच्या राउटरच्या मागच्या भोकातून येतो. आवाजाचे तुकडे करून पाठवणाऱ्या या लाइनीवर माणसाचं बोलणं चालून जातं. एखादा तुकडा उशिरा आला किंवा गळला तर कान सांभाळून घेतात. मोडेम सांभाळून घेत नाही. त्यातून बोलताना आपलाच आवाज परत येऊ नये म्हणून जी गाळणी बसवलेली असते, ती मोडेमचं अर्धं बोलणं गाळते. थोडक्यात, तिसेक वर्षांत प्रथमच त्यांना पावसाळ्यातल्या अंधेरीच्या केबलपेक्षा वाईट लाइन मिळाली आहे. त्यांची तब्येत सुधारली आहे, असं वहिनी सांगतात.

समोरचं टोकही मिळालं, मेलबर्नला. माणूस याच जातीचा. दोघांच्या वेळा जुळतात, आवृत्त्या जुळतात, सगळं जुळतं. फक्त एक अडचण निघाली. पाठवायला दोघांकडेही काही नाही. ‘ही चाचणी आहे’ हे वाक्य इकडून तिकडे जातं आणि ‘हीसुद्धा’ असं परत येतं. चाचणीला मोठा, वेडावाकडा मजकूर लागतो. म्हणून मजकूर मी पुरवतो. परवा त्यांचा फोन आला तेव्हा मी हाच लेख लिहीत होतो. ‘देवनागरी आहे? दे इकडे. आठव्या बिटाची चाचणी होईल.’

लेख मेलबर्नला गेला, तिथून परत आला आणि त्यातली सगळी जोडाक्षरं फुटली होती. जिथं म्हणून पाय मोडलेलं अक्षर होतं तिथं कचरा. सिसॉपरावांचा आवाज कापत होता. कारण त्यांनी दुपारपर्यंत शोधून काढलं होतं. १९८०च्या दशकात फिडोनेटची पाकिटं ठरवली तेव्हा ‘८डी’ हा बाइट ओळीच्या कच्च्या वळणासाठी ठेवला होता, आणि तो दिसला की सोडून द्यावा असं लिहून ठेवलं होतं. काही जुने प्रोग्राम तो अजून इमानदारीनं गाळतात. आणि आजच्या युनिकोड मजकुरात आपल्या हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका तोच.

‘रशियनांचं ठाऊक आहे ना तुला? त्यांचं मोठं न अक्षर त्याच बाइटावर होतं. ते निरोपातून गायब व्हायचं. तर त्यांनी काय केलं, त्याच्या जागी दिसायला तसंच असलेलं इंग्रजी एच लिहायला लागले. पण हलन्ताच्या जागी आपण काय लिहायचं?’

मी म्हटलं, जोडाक्षरं टाळून लिहितो.

‘छे, छे! मुळीच टाळू नकोस, उलट वाढव! मी त्या माणसाला कळवलंय, तो आठवड्याभरात दुरुस्ती करतो म्हणाला. लेखात कुठंतरी धृष्टद्युम्न घाल. आणि लेख तुला आवडेल तसा लिही, मी काही तो वाचलेला नाही. दीड वाजता जागा आहेस ना?’